पटकीच्या रुग्णास घरी पाठविण्याचे निकष : एक चिकित्सा

सारांश

पटकी अर्थात कॉलरा झालेल्या रुग्णास रुग्णालयातून केव्हा सोडावे, हा प्रश्न वरकरणी केवळ तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात या प्रश्नाच्या उत्तरात रोगाविषयीची संपूर्ण समज दडलेली असते. रोग म्हणजे जंतू असे मानले तर निकष प्रयोगशाळेत ठरतो. रोग म्हणजे शरीरातील पाण्याचा ऱ्हास असे मानले तर तो खाटेशेजारी ठरतो. आणि रोग म्हणजे दूषित पाण्याशी बांधलेले जीवन असे मानले तर तो रुग्णाच्या घरात ठरतो. प्रस्तुत लेखात या तिन्ही भूमिकांचा ऐतिहासिक क्रमाने परामर्श घेऊन आज प्रचलित असलेल्या निकषांची बलस्थाने व उणिवा तपासल्या आहेत.

बीजसंज्ञा : पटकी, निर्जलीकरण, जलसंजीवनी, मलपरीक्षा, रुग्णमुक्ती, गृहसंसर्ग.

१. प्रस्तावना

बहुतेक रोगांमध्ये रुग्ण 'बरा होणे' ही संथ प्रक्रिया असते. ज्वर उतरतो, भूक लागते, शक्ती परत येते आणि मग वैद्य घरी जाण्याची अनुमती देतो. पटकीची गोष्ट निराळी आहे. सकाळी धडधाकट असलेला मनुष्य सायंकाळी मरणासन्न होऊ शकतो आणि योग्य प्रमाणात द्रव मिळाल्यास तोच मनुष्य तीन-चार तासांत उठून बसतो, बोलू लागतो. उपचार न मिळालेल्या तीव्र रुग्णांपैकी निम्म्यापर्यंत रुग्ण दगावू शकतात. वेळेवर व पुरेसे उपचार मिळाल्यास हेच प्रमाण एक टक्क्याच्या खाली आणता येते. वैद्यकशास्त्रात इतका मोठा फरक इतक्या साध्या साधनांनी पडल्याची उदाहरणे फारच थोडी आहेत.

परंतु या वेगामुळेच एक पेच निर्माण होतो. रुग्णाचे रूप झपाट्याने पालटते, रोग मात्र त्याच गतीने संपलेला नसतो. चेहऱ्यावर तेज आले, नाडी भरली, तरी आतड्यातून पाणी जाणे चालूच असते. अशा वेळी रुग्णास घरी पाठविणारा डॉक्टर रुग्णाच्या रूपावर विश्वास ठेवतो की रोगाच्या गतीवर, हा खरा प्रश्न आहे.

या निर्णयात दोन प्रकारच्या चुका संभवतात. रुग्णास लवकर सोडले तर तो वाटेत किंवा घरी पुन्हा कोरडा पडून दगावू शकतो. त्यास उशिरा सोडले तर त्याने अडविलेल्या खाटेअभावी दाराशी आलेला दुसरा रुग्ण दगावू शकतो. वीस खाटांच्या कक्षात प्रत्येक रुग्ण सरासरी दोन दिवस राहिला तर दररोज दहा नवे रुग्ण घेता येतात. मुक्काम तीन दिवसांचा झाला तर ही संख्या सातच्याही खाली येते. साथीच्या ऐन भरात एका दिवसाच्या जादा मुक्कामाची किंमत दररोज तीन खाटांनी मोजावी लागते. म्हणूनच 'सावधगिरी म्हणून ठेवून घ्या' हे उत्तर पटकीच्या बाबतीत निरुपद्रवी ठरत नाही.

या दोन चुकांमध्ये आणखी एक भेद आहे व त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. कक्षात झालेला मृत्यू रुग्णालयाच्या नोंदवहीत चढतो. सोडून दिल्यानंतर घरी झालेला मृत्यू त्या नोंदवहीत चढतोच असे नाही. परिणामी घाईने रुग्ण सोडणाऱ्या केंद्राचा मृत्युदर कागदावर उत्तम दिसण्याची शक्यता असते. ज्या निकषाची चूक त्याच्याच मोजमापातून निसटते, त्या निकषाची चिकित्सा अधिक काटेकोरपणे करणे क्रमप्राप्त ठरते.

२. रूपावरून केलेला निर्णय : १८३२ ची घटना

शिरेवाटे क्षारयुक्त पाणी देऊन पटकीवर उपचार करण्याचा पहिला ज्ञात प्रयत्न स्कॉटलंडमधील लीथ येथील डॉ. थॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये केला. त्यापूर्वी काही महिने विल्यम ओशॉनेसी यांनी पटकीच्या रुग्णांच्या रक्ताचे परीक्षण करून त्यातील पाणी व क्षार कमी झाल्याचे दाखवून दिले होते. लाटा यांनी त्या निरीक्षणास कृतीची जोड दिली.

त्यांची पहिली रुग्ण एक वृद्ध स्त्री होती. तिची नाडी लागत नव्हती आणि इतर सर्व उपाय थकले होते. लाटा यांनी तिच्या शिरेत हळूहळू सुमारे सहा पाइंट, म्हणजे साधारण साडेतीन लिटर द्रव सोडला. खोल गेलेले डोळे उजळले, नाडी परत आली, हातपाय उबदार झाले आणि ती स्त्री बोलू लागली. तिला आराम पडला असे समजून, स्वतः थकून गेलेले लाटा तिला रुग्णालयातील शल्यवैद्याच्या हवाली करून निघून गेले. त्यानंतर थोड्याच वेळात उलट्या व जुलाब पुन्हा सुरू झाले, शिरेवाटे द्रव पुन्हा दिला गेला नाही आणि सुमारे साडेपाच तासांत तिचा मृत्यू झाला. लाटा यांनी हा वृत्तान्त काहीही न लपविता 'लॅन्सेट' या नियतकालिकातून प्रसिद्ध झालेल्या पत्रात नोंदविला आहे.

ही रुग्ण रुग्णालयाबाहेर गेली नव्हती, हे खरे. तरीही रुग्णमुक्तीच्या निर्णयातील मूलभूत चूक या घटनेत स्पष्ट दिसते. भरून काढलेली तूट आणि चालू असलेली हानी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली भरून निघाली म्हणजे दुसरी थांबली असे होत नाही. लाटा यांच्या उपचाराने पहिल्या गोष्टीचे उत्तर दिले. दुसऱ्या गोष्टीसाठी कोणीतरी खाटेशेजारी थांबणे आवश्यक होते. पुढील पावणेदोनशे वर्षांत तयार झालेल्या बहुतेक निकषांचे मूल्यमापन याच एका भेदावर करता येते.

३. जंतूंचा निकष

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकाता येथे पटकीचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू ओळखला. त्यानंतर रोगाची व्याख्याच बदलली. १८९२ मध्ये हॅम्बुर्ग शहरात आलेल्या साथीत आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्या अनुभवातून एक नवी बाब पुढे आली : लक्षणे नसलेल्या किंवा लक्षणे ओसरलेल्या माणसांच्या मलातही जंतू आढळतात. साहजिकच बरे वाटणारा रुग्ण समाजासाठी संशयास्पद ठरला. सलग काही मलपरीक्षांत जंतू न आढळल्याखेरीज रुग्णास सोडू नये, हा दंडक या विचारातून आला आणि विसाव्या शतकात तो अनेक ठिकाणी पाळला गेला.

या दंडकामागील हेतू रास्त होता. तथापि त्याची चिकित्सा करता तीन आक्षेप उभे राहतात.

पहिला आक्षेप काळाचा आहे. मलाचे संवर्धन करून जंतू आहे किंवा नाही हे सांगण्यास साधारणतः एक ते दोन दिवस लागतात. अशा तीन परीक्षा चोवीस तासांच्या अंतराने करावयाच्या म्हटल्यास, जुलाब थांबलेल्या रुग्णाचा मुक्काम आणखी तीन-चार दिवसांनी वाढतो. ज्या रोगात मरण तासांत मोजले जाते, त्या रोगात खाटांचा हिशेब अशा रीतीने दिवसांत मांडणे महाग पडते.

दुसरा आक्षेप तर्काचा आहे. या जंतूचा संसर्ग झालेल्या बहुसंख्य माणसांना एकतर लक्षणे दिसत नाहीत किंवा साध्या जुलाबापलीकडे त्रास होत नाही. मात्र तीही काही दिवस मलावाटे जंतू बाहेर टाकतात. ही सर्व माणसे बाजारात, शेतात व पाणवठ्यावर मोकळी वावरत असतात. अशा स्थितीत केवळ रुग्णालयात आला म्हणून एकालाच अडकवून ठेवल्याने समाजाचे संरक्षण होते असे मानणे कठीण आहे. उलट, रुग्णालयात गेल्यास आठवडाभर अडकून पडावे लागते अशी समजूत पसरली तर लोक येण्याचेच टाळतील व त्यातून अधिक मृत्यू ओढवतील.

तिसरा आक्षेप उपचाराच्या प्रगतीतून येतो. योग्य प्रतिजैविक दिल्यास जुलाबाचे प्रमाण व कालावधी साधारण निम्म्यावर येतो आणि मलावाटे जंतू जाणे एक-दोन दिवसांत थांबू शकते. तथापि जगात अनेक ठिकाणी औषधांना दाद न देणारे जंतू आढळले असल्याने औषध दिले म्हणजे जंतू गेला, असेही गृहीत धरता येत नाही. म्हणून औषधाचे काम मुख्यतः हानीचा काळ कमी करण्याचे आहे. ते निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नव्हे.

आंतरराष्ट्रीय व्यवहारातही जंतूवर आधारलेल्या निर्बंधांची धार बोथट होत गेली. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत दुरुस्ती होऊन प्रवाशांकडून पटकीच्या लसीकरणाचे प्रमाणपत्र मागण्याची तरतूद काढून टाकण्यात आली. अन्न शिजविणारे वा पाणीपुरवठ्याशी थेट संबंध असणारे कर्मचारी यांच्या कामावर रुजू होण्याच्या संदर्भात मलपरीक्षेचे महत्त्व उरते. परंतु तो रोजगाराचा प्रश्न झाला, रुग्णमुक्तीचा नव्हे. या दोहोंची गल्लत हाच जंतूंच्या निकषाचा मुख्य दोष होय.

४. द्रवाचा निकष

जंतूकडून पाण्याकडे लक्ष वळविण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात वंगभूमीतील संशोधनास जाते. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की, जंतूने सोडलेल्या विषामुळे आतड्यात पाणी झिरपते. म्हणजेच जंतू रक्तात शिरत नाही, आतड्याची भिंतही तो फाडत नाही. तो शरीरातील पाण्याला बाहेरची वाट करून देतो. या शोधानंतर रुग्णास वाचविणे म्हणजे वाहून गेलेले पाणी व क्षार परत देणे, ही गोष्ट सैद्धान्तिक दृष्ट्याही पक्की झाली.

ढाका येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत या विचारास शिस्त लाभली. मध्यभागी छिद्र असलेली खाट व तिच्याखाली खुणा केलेली बादली हे त्या शिस्तीचे साधन होते. दिसावयास ओबडधोबड असलेल्या या खाटेने शरीरातून किती पाणी गेले, हा पूर्वी अंदाजाने सोडविला जाणारा प्रश्न मोजता येण्याजोगा केला. १९६८ मध्ये डेव्हिड नलिन व रिचर्ड कॅश यांनी ढाक्यातील अभ्यासातून असे दाखविले की, ग्लुकोज व क्षार यांचे द्रावण तोंडावाटे दिल्यास पटकीच्या प्रौढ रुग्णातही ते शोषले जाते. मात्र त्यासाठी दिलेल्या द्रवाचे प्रमाण वाहून जाणाऱ्या द्रवाशी जुळते ठेवावे लागते. या अटीतच रुग्णमुक्तीच्या निकषाचे बीज आहे. तोंडावाटे घेतलेले पाणी बाहेर जाणाऱ्या पाण्याला पुरे पडू लागले, की रुग्णालय जे करीत होते ते रुग्ण स्वतः करू शकतो.

१९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या लोंढ्यात पटकीची साथ उसळली. तेथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्यासमोर शिरेवाटे देण्याच्या द्रवाचा साठा संपुष्टात येण्याचा प्रसंग आला. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांची पाकिटे तयार करवून घेतली, पिंपात द्रावण केले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातलगांकडे सोपविले. सुमारे तीस टक्क्यांपर्यंत गेलेला मृत्युदर तीन ते चार टक्क्यांवर आला. बनगावचे हे यश सामान्यतः जलसंजीवनीचे यश म्हणून सांगितले जाते व ते योग्यच आहे. परंतु रुग्णमुक्तीच्या दृष्टीने पाहता त्याचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. रुग्णाची आई, भाऊ किंवा पत्नी उपचार करू शकते, हे तेथे सिद्ध झाले. रुग्णालय व घर यांच्यामधील सीमारेषा त्या दिवसांत पुसट झाली आणि 'घरी पाठविणे' म्हणजे 'उपचार थांबविणे' हे समीकरण मोडीत निघाले.

५. प्रचलित निकषांची तपासणी

आज पटकीच्या उपचार केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या निकषांचे स्वरूप स्थूलमानाने पुढीलप्रमाणे आहे : निर्जलीकरणाची कोणतीही खूण उरलेली नसावी, रुग्णास उलटी न होता जलसंजीवनी पिता यावी, मागील चार तासांत पाण्यासारखा जुलाब झालेला नसावा, लघवी होत असावी, आधाराशिवाय चालता यावे, आणि पुन्हा केव्हा यावे हे त्यास समजावून दिलेले असावे. काही पुस्तिकांत चार तासांच्या अटीऐवजी सहा तासांत तीनपेक्षा कमी पातळ जुलाब, अशी अट आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या मार्गदर्शनात जुलाब थांबेपर्यंत, किंवा ते क्वचित व अल्प प्रमाणात होऊ लागेपर्यंत रुग्णास निरीक्षणाखाली ठेवण्याचा सल्ला होता.

या यादीचे सर्वांत मोठे बलस्थान असे की, तिच्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. तंबूत, शाळेच्या ओसरीवर किंवा कंदिलाच्या उजेडातही ती वापरता येते. डॉक्टर नसेल तेथे प्रशिक्षित परिचारिका ती वापरू शकते. साथीचा रोग बहुधा अशाच ठिकाणी येतो हे पाहता हा गुण अल्प नव्हे. तरीही यादीतील प्रत्येक अटीकडे स्वतंत्रपणे पाहणे इष्ट ठरेल.

निर्जलीकरणाची खूण नसणे ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. पन्नास किलो वजनाच्या तीव्र निर्जलीकरण झालेल्या प्रौढास शिरेवाटे किलोमागे शंभर मिलिलिटर या हिशेबाने पाच लिटर द्रव तीन तासांत दिला जातो. तीन तासांनंतर त्याच्यात कोणतीही खूण दिसत नाही. समजा, त्याचे ताशी पाचशे मिलिलिटर पाणी जात आहे आणि तो ताशी दोनशे मिलिलिटरच पितो आहे. ताशी तीनशेची ही तूट सुमारे आठ तासांत वजनाच्या पाच टक्क्यांवर, तर सतरा तासांत दहा टक्क्यांवर जाईल. याचाच अर्थ दुपारी 'ठीक' दिसलेला हा मनुष्य मध्यरात्री पुन्हा कोरडा पडलेला असेल आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मरणाच्या दारात उभा असेल. लाटा यांच्या रुग्णाची कथा अशा रीतीने आजही पुन्हा घडू शकते.

म्हणूनच जुलाबाची अट यादीचा कणा ठरते. परंतु येथे एक विसंगती आहे. निकष जुलाबांची संख्या मोजतो. शरीर मात्र पाण्याचे आकारमान गमावते. सहा तासांत एकेक लिटरचे दोन जुलाब झालेला रुग्ण 'तीनपेक्षा कमी' या अटीत बसतो आणि पन्नास-पन्नास मिलिलिटरचे सहा जुलाब झालेला रुग्ण बसत नाही. वास्तविक पहिल्यास थांबविणे व दुसऱ्यास सोडणे योग्य ठरेल. चार तासांची अट या दोषापासून बऱ्याच अंशी मुक्त आहे. परंतु ती अधिक कठोर असल्याने खाटा अधिक काळ अडविते. दोन पुस्तिकांत दोन वेगळे आकडे असावेत, यावरूनच हे आकडे निसर्गनियम नसून अनुभवाने ठरविलेले संकेत आहेत, हे स्पष्ट होते. संकेत म्हणून ते उपयुक्त आहेत. मात्र संकेताची जागा नियमाने घेतली आणि बादलीत डोकावणे थांबले, तर ढाक्याच्या खाटेने दिलेली शिस्तच हरवेल.

लघवीची अट विशेष अर्थपूर्ण आहे. मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळू लागले याची ती साधी व विश्वसनीय साक्ष होय. तथापि तान्ह्या मुलांत व छिद्राच्या खाटेवर झोपलेल्या रुग्णांत लघवी पातळ मलात मिसळून जाते व तिची नोंद होत नाही. येथे आईला विचारणे हाच खरा उपाय उरतो. मुद्रित तक्त्यात आईच्या साक्षीसाठी रकाना असतोच असे नाही.

चालता येण्याच्या अटीमागे दोन कारणे संभवतात. पोटॅशियमच्या कमतरतेने येणारी स्नायूंची दुर्बलता तिच्यामुळे लक्षात येऊ शकते आणि रुग्ण घरापर्यंत पोहोचेल याची खात्री होते. परंतु आधीपासूनच काठीवर चालणाऱ्या वृद्धास ही अट लागू पडत नाही. त्याच्या बाबतीत आजारापूर्वी तो जितका हिंडत होता तितका हिंडू शकतो काय, असा प्रश्न विचारावयास हवा.

६. अपवादांचा प्रश्न

एकच यादी सर्वांस लावताना काही गट हमखास निसटतात. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत आईची प्रकृती सावरली तरी गर्भाच्या स्थितीची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते, कारण तीव्र निर्जलीकरणात गर्भ दगावण्याचा धोका मोठा असतो. तीव्र कुपोषित बालकात डोळे खोल जाणे व त्वचेची चिमटी सावकाश सुटणे या खुणा कुपोषणामुळेच दिसू शकतात; त्यामुळे 'खूण उरलेली नाही' ही अट तेथे दिशाभूल करते. शिवाय अशा बालकास द्रव अधिक झाल्यास हृदयावर ताण पडतो आणि रक्तातील साखर घटल्यास झटके येऊ शकतात. वृद्ध व हृदयविकार असलेल्या रुग्णांत अतिरिक्त द्रवाने फुप्फुसात पाणी साचण्याची भीती असते.

या गटांसाठी निरीक्षणाचा काळ वाढविणे रास्त आहे. परंतु अपवादांची यादी लांबवीत नेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. निकषामागील कारण परिचारिकेस समजले असेल तर अपवाद तिच्या आपोआप लक्षात येतात. कारण समजले नसेल तर लांब यादीही अपुरी पडते.

७. घर : निकषातील अनुपस्थित घटक

प्रचलित यादीतील सहापैकी पाच अटी रुग्णाच्या शरीराविषयी आहेत. केवळ शेवटची अट, समजावून सांगण्याची, शरीराबाहेरच्या जगाकडे पाहते. मात्र रुग्ण ज्या घरी जाणार आहे तेथे पिण्याचे शुद्ध पाणी आहे काय, हा प्रश्न यादीत नाही. वस्तुतः जलसंजीवनीची पाकिटे सोबत देण्याची पद्धत, साधारण दोन दिवस पुरतील इतकी, याच उणिवेची मूक कबुली आहे. पाकीट दिले, ते ज्या पाण्यात विरघळवावयाचे ते पाणी कोठून येणार, याचे उत्तर बाकी राहिले.

घराचा विचार दोन कारणांनी अटळ ठरतो. पहिले कारण रुग्णाचे. २०१० च्या जानेवारीतील भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या हैती देशात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पटकीची साथ पसरली. २०१९ पर्यंत तिने आठ लाखांहून अधिक माणसांना ग्रासले व दहा हजारांच्या आसपास बळी घेतले. डोंगराळ भागातील अनेक गावांपासून उपचार केंद्र कित्येक तासांच्या पायपिटीवर होते. अशा गावी परतणाऱ्या रुग्णास 'पुन्हा जुलाब वाढले तर या' हा सल्ला देणे आणि केंद्राशेजारी राहणाऱ्या रुग्णास तोच सल्ला देणे, यांत शब्द समान असले तरी अर्थ समान नाही. पहिल्याच्या बाबतीत अंतर हाही शरीराच्या लक्षणाइतकाच महत्त्वाचा घटक मानला पाहिजे.

दुसरे कारण कुटुंबीयांचे. रुग्णाच्या मलातून नुकतेच बाहेर पडलेले जंतू प्रयोगशाळेत वाढविलेल्या जंतूंपेक्षा अधिक संसर्गक्षम असतात, असे ढाक्यातील रुग्णांच्या नमुन्यांवरील संशोधनातून २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण आढळल्यानंतरचा पहिला आठवडा त्याच्या घरातील माणसांसाठी सर्वाधिक धोक्याचा असतो. या निरीक्षणाच्या आधारे ढाका येथे रुग्णालयातच रुग्णास व त्याच्या सोबत्यांस सात दिवसांसाठी हात धुण्याचे व पाणी शुद्ध करण्याचे साहित्य आणि प्रशिक्षण देण्याचा प्रयोग करण्यात आला. असे साहाय्य मिळालेल्या कुटुंबांत लक्षणांसह होणारा संसर्ग कमी आढळला. जंतूंच्या निकषाने जे साध्य करावयाचे होते, ते रुग्णास अडकवून न ठेवता साबण, झाकणाचे भांडे व क्लोरीनच्या गोळ्या यांनी बऱ्याच अंशी साध्य होऊ शकते, असा या प्रयोगाचा आशय आहे. समाजाच्या संरक्षणाची जुनी चिंता खोटी नव्हती. तिचे स्थान चुकले होते.

मराठी भाषकांस हा मुद्दा एका जुन्या रूढीच्या संदर्भात अधिक स्पष्ट होईल. महाराष्ट्रात पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपर्यंत नेऊन सोडण्याची प्रथा होती. रोग शिवेपलीकडे गेला म्हणजे गाव सुटले, अशी श्रद्धा तीमागे होती. पलीकडच्या गावाचे काय, हा प्रश्न त्या विधीत बसत नव्हता. आजचे रुग्णालय श्रद्धेवर चालत नाही. परंतु दाराबाहेर गेलेल्या रुग्णाची जबाबदारी जेथे दाराशीच संपते, तेथे या जुन्या वृत्तीचा अंश टिकून आहे असे म्हणावे लागते. 'रुग्णास सोडले' या रोजच्या वाक्प्रयोगातही 'सोडणे' या क्रियापदाचे मुक्त करणे व टाकून देणे असे दोन्ही अर्थ नांदतात. निकषाने यांपैकी पहिला अर्थ खरा करून दाखवावयाचा असतो.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

एक, पटकीच्या रुग्णास घरी पाठविण्याचा निर्णय त्याच्या सुधारलेल्या रूपावरून करणे धोक्याचे आहे. तूट भरून निघाली काय आणि चालू हानी तोंडावाटे घेतलेल्या द्रवाने भागते काय, हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले गेले पाहिजेत.

दोन, सलग मलपरीक्षांत जंतू न आढळण्याची अट सर्वसाधारण रुग्णमुक्तीसाठी अनावश्यक असून साथीच्या काळात ती घातक ठरू शकते. विशिष्ट व्यवसायांतील व्यक्तींसाठी तिचा स्वतंत्र विचार करावा.

तीन, जुलाबांची संख्या हा सोयीचा संकेत आहे. आकारमान हे सत्य आहे. जेथे मोजणे शक्य आहे तेथे मोजावे आणि जेथे शक्य नाही तेथे निदान 'किती वेळा' याबरोबर 'केवढे' हेही विचारावे.

चार, घरापर्यंतचे अंतर, घरातील पाणी व रुग्णाजवळ थांबणारे माणूस या तीन बाबींची नोंद रुग्णमुक्तीच्या तक्त्यात असणे आवश्यक आहे. तिन्ही प्रतिकूल असतील तर शरीराचे सर्व निकष पूर्ण होऊनही काही तास अधिक थांबविणे समर्थनीय ठरते. तिन्ही अनुकूल असतील तर थोडे लवकर पाठविणेही तितकेच समर्थनीय ठरते.

पाच, सोडलेल्या रुग्णांपैकी पुन्हा किती जण आले व घरी किती दगावले, याची नोंद ठेवल्याखेरीज कोणत्याही केंद्रास आपला निकष योग्य असल्याचा दावा करता येणार नाही.

बनगावच्या दाटीवाटीच्या खोल्यांत नातलगांच्या हाती पेला देण्यात आला तो नाइलाजाने. परंतु त्या नाइलाजातून जे कळले ते आजही मार्गदर्शक आहे. रुग्णाजवळच्या माणसास पाजण्याचे प्रमाण समजले असेल, धोक्याच्या खुणा ओळखता येत असतील आणि त्याच्यापाशी शुद्ध पाणी असेल, तर रुग्ण घरी जाण्यास सिद्ध झाला असे म्हणता येईल. यांपैकी काही उणे असेल, तर रुग्ण कितीही प्रसन्न दिसत असला तरी निर्णय अपुराच राहील.